कासारटेपाची बेणणी

केरूला कासारटेपावरची झाडं जेवढी पाठ होती, तेवढी स्वतःच्या नातवंडांची नावं पाठ नव्हती. कारण उघड होतं. नातवंडं मुंबईला होती आणि झाडं त्याने स्वतःच्या हातांनी तोडली होती. एकदा विसाव्या वर्षी, एकदा पस्तिशीत, आणि शेवटचं सहा वर्षांपूर्वी. त्या वेळी लाकडाच्या ठेकेदाराने, म्हणजे शेटने, कटर मशीन आणलं आणि चाळीस दिवसांचं काम नऊ दिवसांत उरकलं. तोडीवर मुकादम केरूच होता. शेवटचा ट्रक उतारावरून गेला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, तर टेपावर सावलीला उभं राहायला एक झाड नव्हतं. माणूस घरी आला, जेवला नाही, आणि बायकोने, सखूने, कारण विचारलं तेव्हा तिच्यावरच खेकसला. लाज वाटली की केरू खेकसायचा, हे सखूला चाळीस वर्षांत कळून चुकलं होतं.

कासारटेप म्हणजे वाडीच्या डोक्यावरची टेकडी. सातबारावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईला, एक लोट्याच्या कारखान्यात, बाकीची गावात. अशा जमिनीचं जे होतं तेच तिचं झालं होतं. दर पंधरा-वीस वर्षांनी तोड, मधल्या काळात बकऱ्या आणि वणवे. केरूची पुतणी ज्ञानेश्वरी दापोलीला वनशास्त्र शिकून आली आणि तिने भावकीपुढे पदर खोचला. "तीन वर्षं द्या," ती म्हणाली, "मी जंगल परत उभं करून दाखवते. नाही जमलं तर खुशाल द्या शेटला." भावकीने हो म्हटलं. पोर दोन पावसाळ्यांत कंटाळेल, असा हिशेब त्यामागे होता.

पोर कंटाळली नाही. तिने पहिल्या दिवशी केरूला टेपावर नेलं आणि विचारलं, "काका, इथे कुठे काय होतं?"

केरू करवंदीच्या जाळीत घुसला. "ह्यो ऐन. त्याच्या खाली किंजळ, दोन. तो बिवळा, तोडला तेव्हा लाल रस गळत होता. इथं कुंभा." एकेक बुंधा तो पायाने चाचपून दाखवत गेला आणि ज्ञानेश्वरी वहीत नकाशा काढत गेली. रोपवाटिकेतून रोपं आणायची गरज फारशी नव्हतीच. बुंधे जिवंत होते. दरवर्षी त्यांना दहा-दहा फुटवे यायचे, आणि दरवर्षी बकऱ्या ते खायच्या किंवा लोक भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जागा भाजायला, तोडून न्यायचे. आता दहांतला एक जोमदार फुटवा ठेवायचा, बाकीचे काढायचे, पडलेला पाला तिथेच कुजू द्यायचा आणि राखण करायची. आणि जंगल कुठे होतं हे अख्ख्या वाडीत फक्त ते तोडणाऱ्यालाच माहीत होतं. केरूला हे कळलं तेव्हा त्याला हसावं की रडावं ते सुचेना.

ज्ञानेश्वरीची शिंगखताची गोष्ट मात्र त्याला पचायला जड गेली. मेलेल्या गाईच्या शिंगात दुभत्या गाईचं शेण भरायचं, कोजागिरीच्या सुमाराला पुरायचं, चैत्रात उकरायचं, आणि त्यातलं मूठभर घेऊन बादलीभर पाण्यात तासभर ढवळायचं. आधी उजवीकडून, भोवरा पडला की डावीकडून.

"तासभर घुसळायचं आणि लोणी नाय?" केरूने विचारलं होतं.

"लोणी मातीला मिळतं काका."

"मातीनं मागितलं होतं काय?"

तरी तो ढवळायचा. उतरत्या चंद्राच्या दिवसांत संध्याकाळी आंब्याच्या डहाळीने टेपभर शिंपडायचा, शेण-मातीचा लेप बुंध्यांच्या जुन्या जखमांना लावायचा. चंद्राचं त्याला पटवून द्यावं लागलं नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या वाशाला कीड लागत नाही, हे तो ज्ञानेश्वरीच्या जन्माआधीपासून जाणत होता. आता तेच पंचांग झाड जगवायला वापरायचं, एवढाच फरक. शिंगाने झालं, लेपाने झालं की बकऱ्या बंद केल्याने झालं, देव जाणे, पण तिसऱ्या पावसाळ्यात फुटवे दोन पुरुष उंच झाले. केरू येता-जाता त्यांना थोपटायचा. आजूबाजूला कुणी नसेल तेव्हाच.

आणि मग गणपती जवळ आले. भावकी एकत्र सापडते ती गणपतीलाच, म्हणून ठरलं की गणपतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी टेपावर जायचं, बघायचं, आणि तिथल्या तिथे सोक्षमोक्ष लावायचा. शेटचा फोन लोट्याच्या विनोदला, म्हणजे केरूच्या चुलतभावाच्या मुलाला, आधीच येऊन गेला होता. कारखान्यांच्या बॉयलरला लाकूड हवंच होतं.

ज्ञानेश्वरी दोन दिवसांसाठी रत्नागिरीला गेली होती. केरू टेपावर एकटा उभा राहिला आणि त्याने पाहुण्यांच्या डोळ्यांनी ती जागा बघायचा प्रयत्न केला. छातीएवढं गवत. करवंदी, वेलींचा नुसता गुंताडा, नावंगावं नसलेली झुडपं. इतकी मेहनत केलेले ऐन-किंजळ त्या रानात दिसतसुद्धा नव्हते. मुंबईची माणसं काय म्हणतील? तीन वर्षं काय केलंस रे केरू, साधी बेणणी नाय केलीस?

कोकणातल्या माणसाच्या कलमांच्या बागेत पाहुणा येणार असला की तो आधी बाग बेणतो. अंगण सारवतो तसं बागेतलं तण काढतो. केरूने कोयती घेतली आणि दोन दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अर्धा टेप बेणला. फुटव्यांना त्याने धक्का लावला नाही, बाकी काही ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंबर धरली, नाहीतर उरलेला अर्धाही सुटला नसता. खाली उतरताना त्याने वळून बघितलं. झाडं रांगेत नसली तरी एकेक मोजून घ्यावी अशी दिसत होती. तो खूश होता.

ज्ञानेश्वरी एसटीतून उतरली ती तशीच पिशवीसकट वर आली. आणि बेणलेल्या तुकड्याच्या कडेला खाली बसली.

"काका, काय केलंत हे?"

"साफ केलं. लोकं येणार उद्या."

तिने खाली पडलेलं एक कोवळं रोप उचललं. बोटभर लांबीचं. "ही कुंभ्याची रोपं होती. पाखरांनी बी टाकून आलेली. इथे जांभळाची होती. आपण काहीच लावलं नव्हतं, आपोआप आली होती. मी त्यांचीच वाट बघत होते तीन वर्षं." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, सखूकाकी जेवायला थांबली असेल."

केरू ताटावरून तसाच उठला. या वेळी तो कुणावर खेकसलाही नाही, आणि सखू त्यानेच जास्त घाबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी वर आली. पंधरा-सोळा माणसं, बुटांत, चपलांत, दोघं तर नवीन रेनकोटात. सगळ्यांत मागून काठी टेकत यमुनाबाई, केरूची चुलती, वय ब्याऐंशी, सातबारावर पहिलं नाव तिचं. पायवाट बेणलेल्या तुकड्यावर निघत होती.

"वा!" विनोद म्हणाला. "वा, केरूकाका!"

सगळेच वा वा करायला लागले. केरूच्या पाठीवर थापा पडल्या. विनोदने एका ऐनाला मुठीत धरून जाडी बघितली. "एक नंबर माल आहे. सरळ, स्वच्छ, ट्रक पार बुंध्याशी लागेल. मनगटाएवढं लाकूड पण बॉयलरला चालतं. शेट आजच्या आज हो म्हणेल." त्याने मोबाईल काढून फोटो घेतला आणि तिथूनच पाठवूनही दिला.

ज्ञानेश्वरीने मान खाली घातली. झाडं उभी राहिली, आणि केरूने ती सफाचट करून, मांडून, गिऱ्हाईकापुढे ठेवली होती. स्वतःच्या हातांनी. चौथ्यांदा.

"विनोद, थांब," तो म्हणाला. "ह्या तुकड्यावरनं काय ठरवू नका. ह्यो मी बिघडवला हाय."

"बिघडवला? अहो, किती सुंदर..."

"बिघडवला म्हंतो ना मी! रान होतं, मी बाग केली. तुमी येनार म्हनून लाजलो. खरं रान त्या अंगाला हाय. तिकडं चला."

त्या अंगाला सगळ्यांनी पाहिलं. काटे, ओला पाला, आणि आत काय असेल ते असेल. "जळवा असतात," एक रेनकोट म्हणाला. कुणी हललं नाही.

"मी जातंय," यमुनाबाई म्हणाली आणि काठीने करवंद बाजूला सारून आत शिरली. कुणी अडवायच्या आत ती दिसेनाशी झाली. थोडा वेळ नुसता पाला वाजत होता. मग तोही वाजायचा थांबला. केरू घाबरून पळत आत गेला.

म्हातारी एका किंजळीखाली वर बघत उभी होती. किंजळीवर वेल चढली होती आणि वेलीला लालभडक फळं लटकत होती.

"केरू, कवंडळ रे!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आपल्या टेपावरचं कवंडळ!"

गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात, माटवी, तिला रानातली फळं-फुलं बांधतात. गेली काही वर्षं या घरची माटवी बाजारातून यायची, आणि दोन वर्षं तर विनोदने दादरहून आणलेली प्लॅस्टिकची फळं टांगली होती. यमुनाबाईने त्या दोन्ही वर्षी आरतीला वर बघितलंच नव्हतं.

तिच्या हाकेने सगळे आत आले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पोरी माटवीसाठी कांगणीचे घोस शोधायला लागल्या, कुणाला शेरवडीची पांढरी पानं मिळाली, कुणाला हरणाची पिवळी फुलं. रेनकोटवाल्याला खरंच जळू लागली आणि तो ती कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरला. ज्ञानेश्वरी खाली वाकून रोपं दाखवत होती, "हा कुंभा, हे जांभूळ, यांच्यावर पाय देऊ नका," आणि माणसं पाय उचलून चालत होती.

"केरू," यमुनाबाईने विचारलं, "तू बेनलास तिकडं व्हतं काय रे कवंडळ?"

"व्हतं काकी. चार येल. तोडले मी."

"मेल्या, साठी उलटली तरी अक्कल आली नाय तुला." ती इतकी हसली की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "माज्या नावाचा आंगठा मिळायचा नाय. रान ऱ्हाऊ दे. आनी त्यो तुकडा पुना वाढू दे. कोन काय बोलतंय?"

पोरींनी आधी माना डोलावल्या, मग रेनकोटवाल्यांनी. विनोदच्या दोन्ही हातांत कवंडळं होती, त्यामुळे त्याला विरोधाला हात वर करता आला नाही. ज्ञानेश्वरीने केरूचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात विनोदच्या खिशातला मोबाईल वाजला. शेटचा फोन. विनोदने कवंडळं सांभाळत कसाबसा तो काढला आणि केरूच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा काका."

"फोटो बघितला!" शेटचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "काय माल आहे! दिवाळीनंतर तोड लावतो."

"शेट, केरू बोलतंय. डोंगर द्यायचा नाय."

"कोण, केरू? अरे, मी तुलाच मुकादम धरणार होतो. कोण म्हणतो द्यायचा नाही?"

उभ्या आयुष्यात केरूने शेटला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याने एकदा ऐनाकडे पाहिलं.

"मी म्हंतो," तो म्हणाला. "आनी दुसरा मुकादम शोधू नका. ह्या टेपावरचं झाड नि झाड वळखनारा मी एकटाच हाय, आनी मी राखनीला हाय."