गुडघ्यामागच्या जांभळ्या रेषा

डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला आणि कात्रीबाईंच्या गुडघ्यामागे पेनानं एक गोल काढला. मग पोटरीवर दुसरा, घोट्याशी तिसरा. कात्रीबाई तपासणीच्या टेबलावर पालथ्या पडल्या होत्या. तीस वर्षं पार्लरमध्ये केस कापताना दुसऱ्यांना "हलू नका हं" म्हणून दटावणाऱ्या या बाईला आज स्वतःलाच हलायची बंदी होती, आणि नेमकी आजच डाव्या टाचेला खाज सुटली होती.

"दुखतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे. संध्याकाळी पाय भरून येतात, पण ते कुणाचे येत नाहीत?"

"मग या रेषा काढून टाकायचं कुणाच्या मनात आलं?"

कात्रीबाईंनी मान वळवून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं त्यांची एकुलती एक लेक बसली होती. वय चोवीस, नोकरी चांगली, पण घरात अजून ठकीच. ठकीनं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

गेला महिनाभर हेच कोडं कात्रीबाईंचं डोकं खात होतं. पायांवर या बारीक जांभळ्या रेषा आल्याला किती वर्षं झाली, त्यांनी कधी मोजली नव्हती. पार्लरचा आरसा कमरेच्या वर. गिऱ्हाईक बघणार आरशात, त्याही बघणार आरशात. खाली बघायला सवड कुणाला? आणि एक दिवस जेवता जेवता ठकी म्हणाली, "आई, तुझ्या पायांवरचं ते काढून घेऊ या. मी वेळ घेतलीय." ना विचारणं, ना सवरणं!

पोरीला आपली लाज वाटते, हे तेव्हापासून कात्रीबाईंच्या मनानं घेतलं. तिच्या मैत्रिणी घरी आल्या, त्या दिवशी आपण गुडघ्यापर्यंतच्या झग्यावर चहा घेऊन गेलो होतो. तेच नडलं असणार. सरळ विचारावं असं दहादा वाटलं, पण उत्तर "हो" आलं असतं तर ते ऐकायची त्यांची छाती नव्हती.

बरं, लाज म्हणावी तर तसंही दिसेना. भाजी निवडताना ठकी मध्येच विचारायची, "सुईची भीती नाही ना वाटत तुला? डाग राहिला तर चालेल?" लाज वाटणाऱ्यानं एवढी चौकशी कशाला करावी? कात्रीबाईंना काही म्हणता काही उमगत नव्हतं.

"घाबरू नका," डॉक्टरबाई सांगत होत्या. "कातडीलगतच्या बारीक शिरा फुगल्यात, एवढंच. स्पायडर व्हेन्स. यांच्यापासून धोका काही नाही. औषध टोचलं की शीर आतून चिकटते आणि हळूहळू फिकी पडते. दोन-तीन खेपा लागतील. मधल्या काळात घट्ट मोजे घालायचे."

"उभं राहून राहून झालं का हे?"

"तेही आहे. पण बऱ्याचदा हे घराण्यातूनच येतं. तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलंयच की, मुलीलाही आहे म्हणून."

कोपऱ्यातली खुर्ची करकरली.

फॉर्म ठकीनं भरला होता. कात्रीबाईंनी नुसती खाली सही ठोकली होती.

मुलीलाही? आपल्या ठकीला? दर महिन्याला त्या तिचे केस कापत. केसांवर हात फिरवला की कोण भांडून आलंय, कोण जागलंय, सगळं कळतं मला, अशी त्यांची जगभर फुशारकी. आणि त्या खुर्चीत ठकीच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत कापड पांघरलेलं असायचं. आठ महिन्यांपूर्वी तिनं पोहायला जाणं सोडलं, तेव्हा "वेळ होत नाही" म्हणाली आणि यांनी ते खरं मानलं. ऐन उन्हाळ्यात पोरगी जाड पँट घालून हिंडली, तीही फॅशन म्हणून खपली. अगं बाई, काय आंधळी मी!

त्यांचा हात आपसूक उजव्या कानामागं गेला. तिथली बट कायम आखूड असायची. कात्रीला भिऊन रडणाऱ्या लहान मुलांसमोर त्या आधी स्वतःची बट कापून दाखवत. ही खोड ठकीनंच लावली होती. तीन वर्षांची ठकी त्या उंच खुर्चीत पाय झाडत ओरडायची, "आधी तुझं! आधी तुझं!"

म्हणजे हे असं होतं तर. कात्रीबाईंना आधी राग आला. जन्मदात्या आईवर प्रयोग! मग एकदम इतकं हसू आलं की टेबल हललं.

"हलू नका हं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुरू करू?"

"थांबा. ठकी, खुर्ची इकडे ओढ. तिथून काय दिसणार तुला, कपाळ?"

ठकी खुर्ची ओढून जवळ आली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. सुई टोचली तसे कात्रीबाईंनी दात आवळले. दुसऱ्यांदा टोचली, तिसऱ्यांदा.

"आई, खूप दुखतंय?"

"काही नाही गं" हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. आयुष्यभर तेच सांगितलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"आग होते जराशी. पण सोसवते."

डॉक्टरबाई ट्रेमध्ये सुई ठेवत होत्या, तेवढ्यात ठकी वाकली आणि पँटचा पाय एकेक घडी घालत गुडघ्यापर्यंत वर नेऊ लागली.

"डॉक्टर, माझंही जरा बघता?"

कात्रीबाईंनी मान वळवली. या खेपेला त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.