बाभळीचे दात

वर्षाराणीनं दोरी पुन्हा एकदा वर झटकली. सुटली नाही.

तिनं घमेल्यातल्या पाण्यातून लाकडी पकड बाहेर काढली, दोन्ही गुडघ्यांत दाबली आणि सगळा जोर लावून हिसका दिला. निळी नायलॉनची दोरी बाभळीच्या दोन दातेरी चकत्यांमध्ये तशीच आवळलेली. काल अंगणात हीच दोरी करंगळीनं वर उचलली की टचकन सुटत होती. दाखवायला शेजारणीसुद्धा बोलावल्या होत्या तिनं.

काल अंगणात लाकूड कोरडं होतं.

"पाण्यातली वस्तू आहे ना तुझी? मग बुधवारी लोहाऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाण्यात घालून दाखव," असं शाळेत सर म्हणाले होते. म्हणून आज रविवारी, धरणाच्या काठावर, तिनं पहिल्यांदाच पकड पाण्यात टाकून ठेवली होती. तासाभरात बाभळ पाणी पिऊन फुगली. चकत्यांना हलायला जागाच उरली नाही.

तिनं मान वर केली.

पकडी तिनं दोन केल्या होत्या. दुसरी आठ दिवसांपासून तिच्या वडिलांच्या, आण्णांच्या होडीत होती, आणि होडी पाण्याच्या मधोमध.

पत्र्याची होडी, बांबूची डोलकाठी, निळ्या ताडपत्रीचं शीड. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली आण्णांचा डावा हात सापडला आणि वल्ही मारणं सुटलं, तेव्हा हे शीड तिनंच सुचवलं होतं. पण शिडाला दोन हात लागतात, एक मागचं वल्हं वळवायला, एक शिडाची दोरी धरायला. दुसरा हात वर्षाराणीचा. रोज सकाळी जाळी काढायला ती सोबत जायची आणि शाळेचे पहिले दोन तास बुडायचे. मग तिनं ही पकड केली. दोरी अडकवली की धरून बसायची, झटका दिला की सुटायची, म्हणजे वारा एकदम वाढला तरी होडी उलटायची नाही. पहिल्याच दिवशी आण्णा घरी येऊन म्हणाले, "लई झकास चालतंय, राणी. आता शाळा बुडवायची न्हाय." पायात काटा रुतलाय म्हणून ते त्या आठवड्यात लंगडत होते, पण बोलणं सगळं पकडीचं. आणि वर्षाराणी? शाळेत ती न विचारताच उभी राहून उत्तरं द्यायला लागली होती.

पलीकडच्या काठावरचा ऊस एका बाजूनं झोपत आला. ओळच्या ओळ. त्याच्यापुढचं पाणी वाऱ्यानं काळं पडलं आणि तो काळा पट्टा सरकायला लागला.

"चाचा!" ती धावली. मुनवरचाचा उपड्या होडीला टेकून जाळं सांधत बसले होते. "चाचा, तुमची होडी काढा."

"आत्ताच डांबर फासलंय बेटी. तळाला बोटभर भोक हाय. काय झालं?"

"आण्णांकडं जायचंय."

"त्यो येतोय की. तुझं यंत्र हाय ना संगं, इंजिनेर बाई? आठ दिस झाले, कान किटवलेत त्यानं आमचे."

"यंत्र सुटत न्हाय, चाचा."

तिनं पकड पुढं केली. चाचांनी हसत हसत दोरी ओढली. मग जाळं बाजूला ठेवून ओढली. मग हसणं थांबलं.

"चाकू असंल ना त्याच्याजवळ? दोरी कापंल."

होडीतला चाकू तिच्या दप्तरात होता. चकत्यांचे दात तिनं त्याच चाकूनं कोरले होते.

ती पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. "आण्णा! शीड उतरवा! आण्णा!" वारा समोरून होता, हाक तोंडातच परत येत होती. तिनं ओढणी काढून डोक्यावर फिरवली. लांबवर आण्णांनी ती बघितली. वल्हं काखेत धरून त्यांनी उजवा हात वर केला आणि तिला हलवून दाखवला.

"हात नका हलवू," ती पुटपुटली. "वल्हं धरा. आण्णा, वल्हं धरा."

काळा पट्टा होडीपाशी पोचला.

ताडपत्री टम्म फुगली. होडी एका अंगावर कलली, अजून कलली, तळाचा पत्रा उन्हात चमकला. आण्णा एका हातानं पोहायचे, पण ताडपत्रीखाली सापडलं तर एक हात काय करणार? हातातल्या ओल्या पकडीचे स्क्रू तळव्यात रुतत होते. आता. आता उलटणार.

आणि शीड एकदम ढिलं पडलं. ताडपत्री फडाफडा वाजली, होडी डुलत सरळ झाली.

"सुटली!" चाचा मागून ओरडले. "या अल्ला, सुटली की गं!"

वर्षाराणी तिथंच उभी राहिली. सुटली. पण सुटली कशी?

वारा उतरल्यावर आण्णा सावकाश एका वल्ह्यानं काठाकडं आले.

"पाण्यात कशाला उतरलीस गं? तापानं पडशील बुधवारी."

"आण्णा, वारं आलं तवा..."

"तुझं यंत्र!" आण्णांचा चेहरा अजून पांढराफटक होता, तरी ते हसले. "बोट लावलं की टचदिशी सुटलं. पयला नंबर तुझाच, बघ."

होडीच्या काठाला धरून तिनं आत वाकून बघितलं. फळीवर स्क्रूनं बसवलेली पकड शिंतोड्यांनी भिजून फुगली होती. चकत्या एकमेकींना चिकटलेल्या. पण दात कोरल्या दिवशी होते तसेच स्वच्छ, पिवळट. तिच्या हातातल्या पकडीच्या दाताला मात्र तासाभरातच निळे धागे लागले होते.

तिची नजर खाली गेली. आण्णांचा उजवा पाय. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे दोरीनं कापत नेलेली खोल चीर, तिच्यात दाबून भरलेली हळद, आणि हळदीत अडकलेला एक निळा धागा.

आण्णांनी पाय जाळ्याखाली ओढून घेतला.

हातातली पकड वर्षाराणीनं ओढणीत गुंडाळली. मग होडीत चढली आणि आण्णांच्या पायापुढची फळी विती टाकून मोजायला लागली.

"तुमची ती टायरची जुनी चप्पल कुठं हाय, आण्णा?"

"गोठ्यात असंल. कशाला?"

"टाचेकडनं फळीवर ठोकायचीय. दोरी तिच्याखाली दाबायची, पाय उचलला की सुटंल."

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. "आन् बुधवारी?"

"बुधवारी फळीसकट तीच नेते." तिनं शेवटची वीत टाकली. "उजवी. एकच पुरे."

काठावर चाचांनी पुन्हा जाळं हातात घेतलं होतं. आण्णांनी जाळ्याखालचा पाय हळूच बाहेर काढला आणि तिच्या मापाशेजारी ठेवला.