फिलूमावशीचा अंड्यांचा साचा

फणसाच्या लाकडाचा एक जुना साचा आहे मी, मित्रांनो. माझ्या अंगावर अर्ध्या अंड्याच्या आकाराचे दोन खळगे आहेत. ईस्टरची गोड अंडी त्यांतूनच निघतात.

देवबागला होड्या बांधणाऱ्या बाळा मेस्त्रींनी मला कोरलं. फिलूमावशी तेव्हा लग्न होऊन नुकतीच फर्नांडिसांच्या घरी आली होती. मापासाठी तिने मेस्त्रींना गावठी कोंबडीचं अंडं नेऊन दिलं. काम झाल्यावर त्यांनी त्याची पोळी करून खाल्ली, असं मावशी हसत सांगायची.

दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी मावशी काजू वाटून साखरेत शिजवायची. तो मऊ गोळा माझ्यात दाबला की गुलाबपाण्याचा वास मला दिवसभर पुरायचा. दोन अर्धुकं जोडून वर साखरेची फुलं काढली, की पहिली बशी शेजारच्या आनंदीकडे जायची. आनंदी बाजारात मासे विकायची. चतुर्थीला तिच्याकडून मोदक यायचे.

पुढे मावशीचे हात थरथरू लागले. सून रोझिटा चमकत्या कागदातली चॉकलेटची अंडी आणू लागली आणि मी माळ्यावर गेलो. यंदा साफसफाईत कुणीतरी मला बंबाच्या जळणात टाकलं. आता आपली राख होणार, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात आनंदी आली.

"अगो फिलू, ह्यो साचो जळणात कित्याक?"

"माजे हात थरथरतत गो. आता कोण करतलो?"

"माजे हात आसत मां. तू बसान सांग, मी करतंय."

दोघी अंगणात बसल्या. काजू वाटता वाटता आनंदीने विचारलं, "इतकी वर्सां खातंय, पण अंडीच कित्याक गो?"

मावशी सांगू लागली. फार पूर्वी ईस्टरआधीच्या लांबलचक उपासात अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना कुठला उपास? त्या घालतच राहत. साठलेली अंडी मग ईस्टरला उकडायची, लाल रंगवायची आणि वाटायची. शिवाय अंडं म्हणजे बंद कबर. बाहेरून दगडासारखं, आत जीव. क्रुसावर मेलेला येशू त्या रविवारी कबरीतून उठला, त्याची ही आठवण.

आनंदीने गोळा माझ्यात दाबला, आणि मी करकन वाजलो. माळ्यावर सुकून मला भेग पडली होती. निघालेल्या प्रत्येक अंड्यावर त्या भेगेची वाकडी रेघ उठली. आनंदीचा चेहरा उतरला.

"सगळी फुटकी दिसतत. लोकांका कशी वाटूची?"

मावशीने एक अंडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "अंडा फुटल्याबिगर पिल्लू भायर येता काय? कबर उघाडली, तेचोच तर ह्यो सण. फुलां काढून रेघ झाकू नको. तशीच वाट."

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या आवारात मुलं त्या रेघेबद्दल विचारत होती. सांगत होती आनंदी, तेही अगदी रंगवून. रोझिटाने ऐकता ऐकता तीन अंडी संपवली आणि पुढच्या वर्षी आपणही काजू वाटायला बसणार म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, वापरून बघा. वापरायचं कसं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा. दोघांनाही बरं वाटेल.

मला आता खोबरेल तेल लावून फळीवर ठेवलं आहे. मेस्त्रींचा नातू भेग बुजवून देतो म्हणाला होता. मावशीने त्याला चहा दिला, अंडं दिलं, मला मात्र हात लावू दिला नाही.