घाबरण्याचे कारण नाही

आमच्या ह्यांनी जन्मभर मंत्रालयात बसून पत्रकं काढली आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हाताची खाज काही गेली नाही. सोसायटीचं पाणी जाणार असो की गणपतीची वर्गणी, बळवंतरावांचा मेसेज 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असाच सुरू होणार. मला भाजी आणायला सांगतानाही मुद्द्यांना अ, ब, क लावतात. मी हसून सोडून देते, हौसेला मोल नसतं. पण त्या जानेवारीत त्यांच्या एका पत्रकाने एका लेकराचं बोरन्हाण मोडायची वेळ आणली, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

आम्ही नोएडात राहतो. सोसायटी उंच, माणसं देशभरातली, त्यात मराठी घरं मोजकी. बहुतेक सगळी केंद्र सरकारच्या नोकरीतली, निवृत्त झालेली किंवा व्हायला टेकलेली. कोरोना विसरायला होत होतं, तोच चीनमधल्या 'नव्या' व्हायरसच्या बातम्या सुरू झाल्या आणि टीव्हीवर दिवसभर परदेशी हॉस्पिटलांतली गर्दी दिसायला लागली. डॉक्टर मंडळी सांगत होती की हा विषाणू जुनाच आहे, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जपा, बाकीच्यांना सर्दी-तापावर निभावेल. पण शांतपणे सांगितलेलं ऐकतो कोण?

सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टमध्ये पुन्हा थर्माकोलचा तुकडा आणि टूथपिक लावल्या, बटणं दाबायला. समोरचे चोप्राजी त्याच टूथपिकने दात कोरत म्हणाले, "कुछ नहीं जी, नोएडा की हवा में वायरस खुद ही मर जाता है." नवव्या मजल्यावरच्या वैजयंतीताईंनी नातीची, अहिल्येची, शाळाच बंद करून टाकली. सून कुरकुरली, पण ताई शिक्षण खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

आणि आमच्या घरी दुधाच्या पिशव्या पुन्हा साबणाने धुतल्या जाऊ लागल्या. मी ह्यांना चिडवत होते, पण ही भीती खोटी नव्हती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ह्यांना बेड मिळेपर्यंत आम्ही गाडीत बसून अख्ख्या दिल्लीला चकरा मारल्या होत्या. वाचले, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. दोन जिने चढले की भिंत धरतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला नावं कशी ठेवायची? माझा स्वभाव उलटा. जे व्हायचं ते होईल, तोवर तिळगूळ तर खाऊन घेऊ.

आमच्या खालच्या मजल्यावर स्वरूपा राहते. नवरा नचिकेत गुरुग्रामला कंपनीत, सकाळी मेट्रोने जातो तो दिवेलागणीनंतर उगवतो. तिचा मुलगा अंशुमन दिवस भरायच्या खूप आधी जन्मला. त्याची पहिली संक्रांत हॉस्पिटलात काचेच्या पेटीत गेली आणि ही बाई बाहेरून बघत उभी. घरी आल्यावरही डॉक्टरांनी बजावलं होतं की वर्षभर मुलांच्या घोळक्यात नेऊ नका. तिने ते तंतोतंत पाळलं. आता कुठे डॉक्टर म्हणाले होते, वजन छान आहे, मिसळू द्या मुलांत.

म्हणून तिने बोरन्हाण ठरवलं. बोरन्हाण म्हणजे बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, बत्तासे, उसाचे करवे ओतायचे आणि भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे. ऋतू बदलताना बाळाला बाधू नये म्हणून करतात, असं आमच्याकडे म्हणतात. हलव्याचे दागिने तिने स्वतः केले, यूट्यूबवर बघून. मुकुट दोनदा मोडला, तिसऱ्यांदा जमला.

"काकू, मुलं येतील ना सगळी?" तिने मला विचारलं. "त्याने अजून दुसरं मूल जवळून बघितलेलंच नाही हो. आरशातल्या स्वतःलाच हात लावून हसतो. मला बाकी काही नको, एकदा त्याच्याभोवती पोरं गोळा होऊ देत."

मी म्हटलं, येतील, बत्तासे म्हटल्यावर पोरं चपला न घालता येतील.

अडचण एवढीच की अंशुमनला खोकला होता. थंडीतली दिल्लीची हवा, मोठ्यांचे घसे धरतात तिथे त्याचं काय! डॉक्टरांनी तपासून छाती स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. पण मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'त्या बाळाला खोकला आहे म्हणे?' आणि खाली नुसत्या डोळे वटारलेल्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी पूजेला बसले होते. ह्यांना वाटलं, पोरीच्या मदतीला धावावं. मी उठून येईपर्यंत पत्रक निघालेलं होतं:

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, चिरंजीव अंशुमन यास काही दिवसांपासून खोकला आहे ही वस्तुस्थिती आहे. तथापि घाबरण्याचे कारण नाही. परिस्थितीवर लक्ष ठेवण्यात येत असून बोरन्हाण नियोजित वेळी होईल.'

"अहो, हे काय करून बसलात?"

"वस्तुस्थिती मांडली. अफवांना आळा बसतो."

"घाबरण्याचे कारण नाही, हे लिहायची काय गरज होती?"

"मग काय, आहे म्हणून लिहू?"

आता ह्यांना काय सांगायचं! दुसरीकडच्या लोकांनी कदाचित ते वाचून सुस्कारा सोडला असता. पण आमच्या ग्रुपमधला एकेक जण सरकारी मुरलेला. नोकरीभर त्यांनी हेच वाक्य खाली सही करून पाठवलं होतं आणि कधी पाठवतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाणी गळ्याशी आलं की लिहायचं, 'परिस्थितीवर लक्ष आहे'. हीच ओळ आमच्या घरी बाहेरून आली असती, तर बळवंतरावांनी आधी खिडक्या लावल्या असत्या.

तासाभरात उत्तरं यायला लागली. कुणाला अचानक पानिपतला लग्न निघालं, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाकडे पाहुणे. वैजयंतीताईंनी तेवढं खरं कारण लिहिलं: 'अहिल्येला पाठवणार नाही. बाळाला आशीर्वाद.'

ह्यांचा चेहरा उतरला. चूक झाली की सरकारी माणूस काय करतो? शुद्धिपत्र काढतो. मी फोन हिसकावण्याआधीच ते गेलंसुद्धा: 'बालकास सदर विषाणूचा संसर्ग झाल्याची पुष्टी झालेली नाही.' करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लगेच प्रश्न आला, 'रिपोर्ट कधी येणार आहे?'

दुसऱ्या दिवशी स्वरूपा आमच्या दारात उभी राहिली. कडेवर अंशुमन. आत ये म्हटलं तरी येईना.

"आत्ता लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरची ती होती, मुलीला घेऊन. मला बघून मुलीला बाहेर ओढलं. म्हणाली, आप जाइए, हम बाद में आएँगे." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "काका, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, बिल्कुल मान्य. पण पेटीतून बाहेर काढलं होतं मी त्याला. आता पुन्हा कुणी जवळ येत नाही. मी कॅन्सल करते बोरन्हाण."

अंशुमन ह्यांच्याकडे बघून हात पसरत होता. हे मास्क लावून सोफ्याच्या पार पलीकडच्या टोकाला. उठलेही नाहीत. मला इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन मी उगाचच भांडी घासली. एवढं सगळं करून पुन्हा त्या लेकरालाच भिऊन बसायचं!

पण माणूस जन्मभर सोबत राहूनही पुरता कळत नाही. दुपारी बघते तर हे दोन मास्क चढवून, मफलर गुंडाळून बुटात पाय घालत होते.

"कुठे निघालात?"

"घरोघरी. लेखी काही नको आता. तोंडी सांगतो."

लिफ्टची भीती, म्हणून जिन्याने गेले. नवव्या मजल्यापर्यंत. परत आले तेव्हा ओठ निळसर पडले होते आणि दहा मिनिटं शब्द फुटत नव्हता. मग म्हणाले, "येतो म्हणतात. मोठी माणसं येतील. मुलांना नाही आणणार." दारात उभा राहून धापा टाकणाऱ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे सगळ्यांनी अर्धं हो म्हटलं होतं.

स्वरूपाला मी सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्यांना घेऊन काय करू, काकू?" तरी रविवारी दुपारी तिने पाट मांडला, कारण मोठी माणसं घरी येणार म्हटल्यावर दार बंद ठेवायचं आपल्याला जमत नाही.

खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे खोलीत काकडायला होत होतं. मास्क लावून सगळी भिंतीकडेने खुर्च्यांवर बसली होती, शोकसभेला बसतात तशी. मधे काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट डोक्यावर तिरका झालेला अंशुमन. स्वरूपाने औक्षण केलं आणि भांडं त्याच्या डोक्यावर ओतलं. बोरं टपटपत फरशीवर गेली, बत्तासे घरंगळले, चुरमुरे उडाले.

कुणी हललं नाही. लुटणार कोण? बोरं एकेक करत थांबली. अंशुमनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्याला खोकला आला.

सगळी माणसं किंचित मागे सरकली. मुद्दाम नाही, आपोआप. माझीसुद्धा पाठ भिंतीला टेकली, आणि मी तर स्वतःला निर्भय समजत होते. स्वरूपाने ते पाहिलं. तिच्या हातातलं रिकामं भांडं तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही मुलाला उचलून आत नेणार आणि पुन्हा कधी कुणाला बोलावणार नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारून धडपडल्याचा आवाज आला. बळवंतराव उतरले होते. आधी गुडघ्यांवर, मग तळहातांवर. चौरंग सरकवावा तसे सरकत पाटाजवळ गेले, एक बोर उचललं, दुसरं उचललं आणि मोठ्याने म्हणाले, "लुटा! लुटा!" आवाज मास्कात गुदमरला, म्हणून त्यांनी दोन्ही मास्क हनुवटीवर ओढले आणि पुन्हा ओरडले.

अंशुमन खदखदून हसला. एवढा मोठा माणूस आपल्या उंचीवर आलेला त्याने कधी बघितला नव्हता. त्याच्या तोंडात बत्तासा होता, चोखून चोखून लाळेने ओला झालेला. तो त्याने बाहेर काढला, नीट बघितला आणि हात लांब करून ह्यांच्या तोंडाशी धरला.

खोलीत श्वास घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. ह्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्या गाडीतल्या चकरा मला आठवल्या, त्यांनाही आठवल्या असणार. माझ्याच तोंडून 'नको' निघणार होतं.

त्यांनी तोंड उघडलं आणि बत्तासा खाल्ला.

"गोड आहे," ते अंशुमनला म्हणाले. पोराने लगेच दुसरा शोधायला घेतला.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. स्वरूपा मटकन खाली बसली, तिथेच, बोरांमध्ये. चोप्राजी, जे नुसते गंमत बघायला आले होते, म्हणाले, "अरे, हम भी लूटें क्या?" आणि उत्तराची वाट न बघता मूठभर बोरं खिशात टाकली.

वैजयंतीताईंनी पर्समधून फोन काढला. "अगं, अहिल्येला खाली पाठव. हो, आत्ता. स्वेटर घाल आणि मास्क दे." थोडं थांबून म्हणाल्या, "मी बघते म्हटलं ना."

अहिल्या आली, सात वर्षांची, कानटोपी घातलेली. दारात उभी राहून तिने आधी बत्तासे बघितले, मग अंशुमनचा मुकुट, मग भिंतीला टेकलेली आम्ही सगळी.

"बाकी बच्चे कहाँ हैं, आजी?"

मग भिंतीजवळ एक फोन निघाला, मग दुसरा, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे न बघता हलक्या आवाजात आपापल्या घरी बोलायला लागला. अहिल्या फतकल मारून अंशुमनसमोर बसली. त्याने हात लांब करून तिच्या गालाला लावला, मग दुसरा हात दुसऱ्या गालाला. आरशासारखा तो गाल गार नव्हता. त्याने वळून आईकडे बघितलं.

"थांब हं, अहिल्या," स्वरूपा डोळे पुसत म्हणाली, "बाकीचे येऊ देत. मी परत ओतते." आणि ती फरशीवरची बोरं पुन्हा भांड्यात भरायला लागली.