पानांच्या मुकुटाचा टाक

मंगलचं म्हणणं कुणी खरं मानलंच नाही. मानलं असतं तर लेकीच्या लग्नात घरावर ही वेळ आली नसती. निमगाव साव्याच्या त्या घरात देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकांबरोबर एक सोन्याचा टाकही पिढ्यान्‌पिढ्या पूजेला होता. त्यावर पानांचा मुकुट घातलेला, एका बाजूला तोंड केलेला माणूस. लढाईत पडलेला तो घरचाच वीर, असं सगळे धरून चालले होते. लग्नासाठी टाक उजळायला काढले तेव्हा धाकट्या जावेनं, सोनलनं, त्याचा फोटो कुणा जाणकाराला धाडला आणि उत्तर आलं: हे फ्रान्सच्या बादशहाचं पदक, त्याच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून पाडलेलं! घरात नुसती धमाल उडाली. मांडववाले, आचारी, येडगावचे पाहुणे, जो तो हात पुसत बादशहा बघायला धावला.

मंगलच्या नवऱ्याला तर काय करू न्‌ काय नको असं झालं. पण घरच्या देवांना लग्नाचं पहिलं आवतण द्यायला तो अक्षता घेऊन बसला, तेव्हा तेवढा एक टाक त्यानं बाजूला सारला.

"परका राजा त्यो. त्याला कशाला आवतण?"

"इतकी वर्सं आपला निवद खाल्ला, तवा न्हाई व्हता परका?" मंगल कडाडली.

"घ्या! बादशाची मेव्हणी रुसली," दाट मिशांवर हात फिरवत नवरा म्हणाला आणि सगळा मांडव हसला.

संध्याकाळी तिला दिसलं, उजवीकडे बघणारा माणूस आता डावीकडे, दाराकडे बघत होता.

"ताई, उलटा धरला असंल," सोनल म्हणाली.

"उलटा धरला तर मुंडकं खाली जाईल गं, मान कशी वळंल?"

सकाळी टाकावर माणूसच नव्हता. कडेची अक्षरं जागच्या जागी, मधे गुळगुळीत सोनं. मंगलनंच घासून घासून पुसला, असा एकच गलका झाला. तेवढ्यात भटजींनी मुलीच्या बापाला हाक मारली, तर गाडी दारात, चपला ओट्यावर, फोन चार्जिंगला, आणि माणूस कुठंच नाही.

सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, टाकावरून बोट फिरवलं. "पुसला न्हाई. उठून गेलाय. कुणी दुखावलं त्याला?"

मंगलनं टाक हातात घेतला. सोनं ऊन लागत होतं. गुळगुळीत जागेवर पानांचा मुकुट परत आला होता, आणि त्याखाली हळूहळू दाट मिशा उमटत होत्या. उखाण्याशिवाय कधी तोंडी न घेतलेलं नाव तिनं पहिल्यांदाच नुसतं उच्चारलं.

"बाळासाहेब."