हाताआडचं वाक्य

डॉ. कुरेबायाशींनी निळा दिवा शिझुएच्या दातावर धरला, तसा तिचा नवरा तामोत्सु स्टुलावरून पुढे वाकला. जुनं धातूचं भरण त्यांनी काढलं नव्हतं. नुसतं खरवडून त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ थर चढवला, मग दाताच्या रंगाचा दुसरा. लग्नाआधीपासून समोरच्या दातांत चमकणारा तो करडा ठिपका त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

त्याला ओठ दिसावेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला.

"जमला ना रंग?"

त्याने मान डोलावली.

शाळेत असताना तापात त्याचे कान गेले, तेव्हापासून तो लोकांचे ओठ वाचत आला होता. आणि शिझुए तर हसू आलं की तोंडावर हात धरी. लोकांना ती रीतभात वाटे; खरं कारण तो ठिपका. दर नवीन वर्षाला दिराच्या घरी ती पहिल्या भेटीची गोष्ट सांगे. तामोत्सु तिच्या माहेरी जमिनीवर तातामीच्या गवती चटया बसवायला आला, तिचे वडील मागून ओरडत राहिले आणि या बहाद्दराने भलत्याच खोलीत चटया बसवल्या. इथवर त्याला कळे. मग तिचा हात वर जाई, शेवटचं वाक्य त्याआड बुडे आणि सगळे हसून लोळत. हसतात ते आपल्या बहिरेपणाला, अशी त्याची खात्री होती. विचारलं असतं तर तिने काहीतरी गोडगोड सांगून वेळ मारून नेली असती. ते वाक्य त्याला तिच्या ओठांवरूनच वाचायचं होतं; म्हणून या वयात कसली ही थेरं, असं ती कुरकुरत असतानाही त्यानेच तिला हट्टाने दवाखान्यात आणलं होतं.

त्यानंतरच्या नवीन वर्षाला पुतण्याच्या बायकोने ती गोष्ट सांगायचा आग्रह धरला. तामोत्सुने सुपाची वाटी खाली ठेवली. नजर वळवावी, असंही क्षणभर त्याला वाटलं. शिझुए चटयांपर्यंत आली. तिचा हात सवयीने उचलला गेला, अर्ध्यावर थबकला आणि मांडीवर परतला.

"मी तिथेच दाराशी बसले होते," ती म्हणाली. "ह्यांच्या खांद्याला हात लावून सांगता आलं असतं की मला. पण मग दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं नसतं ना ह्यांना."

सगळे हसले. तीही हसली, उघड्या तोंडाने, आणि तामोत्सु भान हरपून बघत राहिला. मग त्याने टेबलापलीकडे हात नेऊन तिची बाही ओढली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.