कोटानं मान हलवली

चष्म्याच्या दुकानात, नंबर तपासायच्या खोलीत, खुंटीवर पांढरा कोट टांगलेला असेल तर गिऱ्हाईक काय करतं? नवा चष्मा डोळ्यांवर चढवतं, आरशात वाकडंतिकडं तोंड करून बघतं, आणि मग त्या कोटाकडे वळून म्हणतं, "काही बोलू नकोस, नुसती मान हलव!" वर हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचल्यासारखं खो खो हसतं. मावशीच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी हे करायचंच. मावशीही हसायची. दुकान चालवायचं म्हणजे हसावं लागतं.

वाक्य त्या सिनेमातलं. सिनेमा येऊन तीसेक वर्षं झाली, पण मेला जायचं नाव घेत नाही. शाळकरी पोरापोरींचा, पोट धरून हसवणारा. त्यातली एक ढापणी मुलगी आपण बरं दिसावं म्हणून चष्मा काढून खिशात ठेवते, शाळेच्या वऱ्हांड्यात आवडत्या मुलाला गाठते आणि मनातलं सगळं घडाघडा बोलून टाकते. बोलते ती खुंटीवरच्या कोटाशी. शेवटी म्हणते, काही बोलू नकोस, नुसती मान हलव. वरचा पंखा फिरतो, कोट हलतो आणि ती नाचत सुटते.

झालं, तेव्हापासून लोकांची बोलीच बदलली. साहेबानं म्हणणं कानावर घेतलं नाही की कारकून म्हणतात, "कोटाशी बोलून आलो." नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढलं नाही की बायको म्हणते, "मी काय कोटाशी बोलतेय?" लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी मध्ये कोट टांगून घेतात. ज्या पोरांनी सिनेमा बघितलेलाही नाही ती फोनवर कोटाचं चित्र पाठवतात, आणि समोरच्याला नेमकं कळतं. चिडवायचं कसं, झुरायचं कसं, तोंडघशी पडायचं कसं, सगळं त्या एका सिनेमावाल्यानं दोन पिढ्यांना शिकवून ठेवलं होतं.

ती ढापणी म्हणजे मावशी. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक ती आणि दुसरा तो सिनेमावाला.

त्या काळी तो तरुण होता, गावात कुणाच्या ओळखीचा नव्हता. बेकरीच्या वरची खोली भाड्यानं घेऊन राहिला आणि शाळेतल्या मुलांशी गप्पा मारत सुटला. सगळे त्याला दादा म्हणायचे. सिनेमा लिहितोय म्हणायचा, पण वही नाही, पेन नाही. नुसता ऐकायचा. एका दुपारी मावशी एकटीच बेकरीशेजारच्या पायऱ्यांवर बसली होती, तर तो शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, "आपण अदलाबदल करू. मी एक देतो, तू एक दे. मी देतोय ते आजवर कुणाला दिलेलं नाही."

मग घसा खाकरून, जरा थांबून, त्यानं सांगितलं. त्याची आई त्याच्याच शाळेत झाडलोट करायची. एकदा तो घरी डबा विसरला म्हणून ती मधल्या सुट्टीत घेऊन आली, हातात केरसुणी तशीच. मित्रांनी विचारलं, ही कोण रे? तो म्हणाला, मी नाही ओळखत. आई क्षणभर बघत राहिली, मग हसून म्हणाली, "चुकलं हो माझं, मला वाटलं माझाच मुलगा." आणि डबा घेऊन परत गेली.

सोळा वर्षांची मावशी ढसाढसा रडली. एवढ्या मोठ्या माणसानं एवढं आपल्या ओंजळीत टाकलं, आता आपण काय द्यायचं? तिच्याकडे कोटाशिवाय होतं काय! तिनं सगळं सांगितलं. कोट हलला तेव्हा तिला तो खरंच होकार वाटला, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत ती जगातली सगळ्यात सुखी मुलगी होती, हेही सांगितलं. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. थिएटरात मैत्रिणींच्या मधोमध बसून तिनं तो बघितला. ज्या एका सुखाच्या रात्रीला तिनं इतकं जपलं होतं, तिच्यावर लोक खुर्च्या बडवून हसत होते. तीही हसली, नाहीतर संशय आला असता. घरी येऊन उशीत तोंड खुपसलं, आणि सकाळपर्यंत स्वतःची समजूत काढली. दादानं आपलं नाव कुठं घेतलंय? आणि त्याचं केवढं मोठं आपल्याकडे आहे! त्याची आई आपल्याकडे आहे. आपलं थोडं हसं झालं म्हणून काय बिघडलं?

ती आई मावशीनं अशी जपली की नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नाही. त्या वेळी वर्तमानपत्रवाले गावात दादाच्या आठवणी गोळा करत हिंडले, तिनं तोंड उघडलं नाही. दुकानात कुणी झाडू मारायला आलं की तिला ती केरसुणी आठवायची आणि ती आतून पाणी आणून द्यायची.

आता सिनेमाला तीस वर्षं झाल्याबद्दल गावातल्या थिएटरात तो पुन्हा लागणार होता आणि दादा स्वतः येणार होता. मावशीनं केस रंगवून घेतले. मुंगीनं, म्हणजे तिच्या भाचीनं, लगेच विचारलं, "मावशी, कुणासाठी गं?" मुंगी सोळा वर्षांची. आईबाबा नोकरीपायी लांब, म्हणून ती मावशीकडे शिकायला होती. एरवी चुरूचुरू बोलणारी ही पोर गेले काही दिवस गप्प झाली होती. ताटातलं चिवडायची, फोन पालथा ठेवायची. शाळेत काहीतरी झालं होतं. मावशीनं खोदून विचारलं नाही. सांगेल तेव्हा सांगेल, पण सांगेल ते आपल्यालाच, एवढा तिला भरवसा होता.

कार्यक्रम संध्याकाळी होता. दुपारी दुकानाच्या दारात गाडी थांबली आणि दादा उतरला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण हसणं तेच. आला! कार्यक्रमाच्या आधी आपल्याला भेटायला आला! ती काउंटरच्या मागून पुढं आली. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं.

"काडी तुटलीय हो," दादानं डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. "संध्याकाळी स्टेजवर जायचंय. पटकन होईल?"

तिच्याकडे बघून तो मिचमिच डोळ्यांनी हसत होता. काचा चांगल्याच जाड होत्या, त्यांच्याशिवाय त्याला तोंड म्हणजे नुसता गोळा दिसत असणार. दिसत नाहीये बिचाऱ्याला, मावशीनं स्वतःला सांगितलं. समजूत काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

ती पडद्यामागे जाऊन काडी जोडायला बसली. बाहेर मुंगी एकदम खुलली होती.

"तुम्ही खरंच तेच? मग तो कोटाचा सीन कसा हो सुचला?"

"सुचतोय कसला! माझ्याच बाबतीत घडलं ते," दादा म्हणाला. "एक मुलगी आवडायची, चष्मा काढून गेलो, आणि कोटाला सांगून आलो. सिनेमात फक्त मुलाची मुलगी केली."

मावशीच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ती वाकली आणि तशीच वाकून राहिली. माझं नाव नाही घेतलं, ठीक. पण स्वतःचं लावलं?

"तू का गं अशी उतरलेली?" दादाचा आवाज मऊ झाला होता. "काहीतरी सलतंय तुला. नको सांगूस. असं करू, अदलाबदल करू. मी एक देतो, तू एक दे. मी देतोय ते आजवर कुणाला दिलेलं नाही."

घसा खाकरला. जरा थांबला. थांबणं तेवढंच होतं, तसूभर इकडेतिकडे नाही. मग शाळा आली, विसरलेला डबा आला, केरसुणी आली. पडद्यामागे मावशी सापडलेला स्क्रू पिळत होती आणि तिचे ओठ आपोआप हलत होते. "चुकलं हो माझं, मला वाटलं माझाच मुलगा." शेवटचं वाक्य दोघांनी एकदमच म्हटलं, त्यानं मोठ्यानं आणि तिनं मनात.

मुंगी मुसमुसत होती. "माझं... वर्गात ना, माझ्या फोनमधलं एक..."

"मुंगे!" मावशी पडदा सारून बाहेर आली. आवाज इतका चढला की मुंगी उठूनच उभी राहिली. "आत जा. पेट्या लावायच्यात त्या लाव."

"अगं पण मावशी, मी फक्त..."

"जा म्हटलं ना!"

मुंगी पाय आपटत गेली. दादा गोंधळून इकडेतिकडे बघत होता. मावशीनं स्वर सारखा केला. "चष्मा झालाय. पण आधी नंबर तपासून घ्या. काचा जुन्या वाटतात."

खोलीत तिनं खुंटीवरचा पांढरा कोट चढवला, त्याला खुर्चीत बसवलं आणि अक्षरांच्या तक्त्यावरचा दिवा लावला. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवून एकेक काच घालायला लागली. "आता बरं दिसतंय का आधी बरं होतं?" हात सरावाचे होते म्हणून चालत होते. खोलीच्या पंख्याचं बटण वायरमननं बाहेर, दाराच्या चौकटीलगत बसवून ठेवलं होतं. ते आत घ्यायचं मावशी दुकान उघडल्यापासून म्हणत होती. आज पंखा लावायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

"आईची गोष्ट छान सांगता," ती म्हणाली.

दादा हसला. "ऐकलीत? हातखंडा आहे तो माझा. पोरं काय अशी सहज बोलतात होय? आधी आपण काहीतरी द्यावं लागतं. नवा सिनेमा करतोय, आजची पोरं हवीत मला."

"सगळ्यांना हीच देता?"

"हीच. हिच्याइतकं दुसरं काही चालत नाही."

"मग आई तुमची नव्हेच?"

"माझी आई बँकेत होती हो!" त्याला विचारण्याचीच गंमत वाटली. "कुठल्या तरी पोरानं सांगितलं होतं, अगदी सुरुवातीला. कोण ते आता आठवत नाही."

मावशीनं काच हातातच धरली. कुठल्या तरी पोराची आई. इतकी वर्षं आपण जिच्यासाठी रडलो, ती कुठल्या तरी पोराची आई. त्या पोरानंही याच्याकडून काहीतरी घेऊन ती दिली असेल. आणि ते तरी याचं होतं का? तिला संताप आला, आणि संतापाच्या आधी लाज वाटली. सोळाव्या वर्षी फसावं, त्यात काही नाही. पण पुढं जन्मभर ते कडीकुलपात घालून जपावं!

"आणि कोट?"

"कोट माझाच," दादा म्हणाला. खोटं बोलणाऱ्यासारखा नव्हे. इतक्या वेळा सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं.

मावशीनं फ्रेम त्याच्या नाकावरून काढली. "कोट माझा," ती म्हणाली. "बेकरीशेजारच्या पायऱ्यांवर बसून दिला होता तुम्हाला. त्या आईच्या बदल्यात."

ती तक्त्याजवळ उभी होती. त्या धूसर पांढऱ्या आकाराकडे डोळे बारीक करून दादानं बघितलं, पण ओळखीचं काही दिसत नसावं. त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ते तसेच धरून मान खाली घातली. मग त्यानं घसा खाकरला. जरा थांबला.

"खरं सांगू तुम्हाला? हे मी आजवर कुणाला..."

मावशीला पुढचं ऐकायचं नव्हतं. कदाचित या वेळी ते खरंही असेल. पण खऱ्याला त्यानं वेगळा आवाज शिल्लकच ठेवला नव्हता. तिनं अंगातला कोट काढला, तक्त्याशेजारच्या खुंटीला टांगला आणि आवाज न करता बाहेर आली.

बाहेर मुंगी पेट्या टाकून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

आत दादा बोलत होता. आवाज कापत होता, मध्येच थांबत होता. लाज, पस्तावा, क्षमा, असं काहीबाही दाराबाहेर येत होतं.

"मावशी, ते कुणाशी बोलतायत?" मुंगीनं हळूच विचारलं.

"कोटाशी."

मुंगीला हसू फुटलं, सवयीनं. मावशीकडे बघितल्यावर ते तिथल्या तिथं विरलं. तिनं मावशीचा दंड घट्ट धरला.

"एवढी वर्षं झाली," आतून दादा म्हणत होता. "तुम्ही बोलू नका माझ्याशी, बरोबरच आहे. पण माफ केलंत एवढं तरी कळू द्या. नुसती मान हलवलीत तरी चालेल."

मावशीचा हात चौकटीवरच्या पंख्याच्या बटणावर गेला. तिथं तो थोडा वेळ राहिला. होकाराला काय लागतं, नुसता वारा लागतो, आणि पुढं माणूस रात्रभर सुखात झोपतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिनं हात खाली घेतला. जोडलेला चष्मा काउंटरवर, त्याला चाचपडत सापडेल असा ठेवला, आणि मुंगीला घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरली.